विद्यापीठाला फूटपट्टी लावता येते का?

१९३९ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, पालो आल्टो नावाच्या गावी, दोन तरुण इंजिनिअरांनी मोटार ठेवण्याच्या एका छोट्या खोलीत कारखाना थाटला. भांडवल होते अवघे ५३८ डॉलर. एकाचे नाव विल्यम हेवलेट आणि दुसऱ्याचे डेव्हिड पॅकार्ड. दोघेही जवळच्याच स्टॅन्फर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांनी विकायला काढलेले पहिले उपकरण म्हणजे निरनिराळ्या वारंवारतेचे विद्युत-स्पंद निर्माण करणारा एक दोलक. ध्वनियंत्रे तपासायला अशा दोलकाची गरज लागते. बाजारात असे दोलक होते. पण ते महाग असत.

हेवलेटने काय केले ते पाहण्यासारखे आहे. दोलकात वर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग पुन्हा आत सोडलेला असतो. हेवलेटने वापरलेल्या जोडणीत आत परत येताना संकेत बरोबर एकतृतीयांश होतो. म्हणजे वर्धकाने तो बरोबर तिप्पट केला, तरच दोलन एकसारखे चालू राहणार. वर्धन तीनपेक्षा जरासे कमी झाले की दोलन विझते. जरासे जास्त झाले की ते वाढत जाते, निर्वात नलिकेच्या मर्यादेला जाऊन आदळते आणि तरंगाचे माथे कापल्यासारखे सपाट होतात. मग वर्धन बरोबर तीनवर धरून ठेवायचे कसे? हेवलेटने मंडलात विजेचा एक लहानसा दिवा घातला! दिव्याचा तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, हे तुम्ही नववी-दहावीत शिकताच. दोलन मोठे झाले की तंतू अधिक तापणार, त्याचा रोध वाढणार आणि त्यामुळे वर्धन खाली येणार. दोलन लहान झाले की याच्या उलट घडणार. एका क्षुल्लक किमतीच्या दिव्याने सगळा तोल आपोआप सांभाळला. उपकरणाची किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट. त्याची पुढची आवृत्ती वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने ‘फँटॅशिया’ या बोलपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतली. एकूण आठ नग. पुढे हीच कंपनी जगातील एक मोठी इलेक्ट्रॉनिक कंपनी झाली.

ही युक्ती हेवलेटने विद्यापीठात, पदवीच्या प्रबंधासाठी काम करताना बसवली होती. त्याचे शिक्षक होते प्रा. फ्रेडरिक टर्मन. पॅकार्ड तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला होता. त्याला शिष्यवृत्ती मिळवून देऊन परत आणले तेही टर्मन यांनीच. आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. या कारखान्याच्या जन्मात विद्यापीठाचा वाटा किती? अर्धा? पाव? आणि समजा तुम्ही स्टॅन्फर्डचे हिशेबनीस आहात, तर तो वाटा वहीच्या कोणत्या रकान्यात लिहाल?

प्रश्न गमतीचा वाटला, तरी त्याच्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. नवे विद्यापीठ कोठे काढायचे, कोणत्या प्रयोगशाळेला अनुदान द्यायचे, कोणत्या संस्थेचा क्रमांक वर लावायचा, हे सगळे निर्णय ‘उद्योगांना उपयोगी पडण्याची विद्यापीठाची क्षमता’ मोजून घेतले जातात, निदान तसे सांगितले तरी जाते. तुमच्यापैकी पुष्कळ जण बारावीनंतर असल्याच याद्या पाहून महाविद्यालय निवडतील. तेव्हा या याद्यांमागची फूटपट्टी कशी आखलेली असते, हे आताच पाहून ठेवलेले बरे.

पदार्थविज्ञानात आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो की पुष्कळशा राशी थेट मोजता येत नाहीत. तापमापकात आपण तापमान पाहत नाही. पाऱ्याच्या स्तंभाची लांबी पाहतो. ती लांबी तापमानाच्या प्रमाणात वाढते, हे आधी तपासून घेतलेले असते म्हणून ती चालते. अशा वस्तूला आपण दर्शक म्हणू. विद्यापीठाच्या क्षमतेचेही तसेच आहे. ताणलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जा जशी डोळ्यांना दिसत नाही, तशीच ही क्षमताही दिसत नाही. तिचे दर्शक तेवढे मोजता येतात. पण इथला पारा सरळ रेषेत वाढतो की नाही, हे तपासण्याचे काम फार थोड्यांनी केले. ज्यांनी केले, त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे.

पहिला दर्शक म्हणजे शोधनिबंध. निबंध मोजण्याची कल्पना ज्यांच्यामुळे रुळली, ते डेरेक प्राइस मूळचे पदार्थवैज्ञानिक. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवायला गेले. तिथे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे १६६५ पासूनचे अंक आले होते. पण ग्रंथालयाची इमारत तयार नव्हती. प्राइसनी ते खंड आपल्या घरी नेऊन दहा-दहा वर्षांच्या चळती करून भिंतीला लावून ठेवले. एके दिवशी पाहतात तो चळतींच्या माथ्यांवरून एक सुरेख वक्ररेषा तयार झालेली! सुरुवातीला जेमतेम चढणारी आणि पुढे झपाट्याने वर जाणारी. चक्रवाढ व्याजाची असते तशी. पुढे त्यांनी दाखवले की विज्ञानाचे लिखाण साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होत आले आहे.

पण नुसती संख्या म्हणजे रद्दीचे वजन. कोणता निबंध इतरांच्या उपयोगी पडला, हे कसे कळावे? यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून एक प्रचंड सूची छापायला सुरुवात केली. कोणत्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या कोणकोणत्या निबंधांत झाला, हे त्या सूचीत पाहता येई. ज्याचे उल्लेख अधिक, तो निबंध अधिक उपयोगी, असे मानायला त्यामुळे आधार मिळाला. ही सूची लक्षात ठेवा; थोड्या वेळाने ती एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

निबंधांवरून शास्त्रज्ञांना शास्त्रज्ञांचे काम किती उपयोगी पडले ते कळते. कारखानदाराला काय मिळाले, ते कळत नाही. म्हणून दुसरा दर्शक पुढे आला तो एकस्वाचा, म्हणजेच पेटंटचा. नवी युक्ती जाहीर करायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे ती वापरण्याचा एकाधिकार घ्यायचा, असा हा सौदा असतो. दुसऱ्याला वापरायची असेल तर त्याने परवाना घ्यावा आणि पैसे मोजावेत.

अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या संशोधनाची एकस्वे पूर्वी बहुतांशी सरकारकडे जात. १९८० च्या सुमारास सरकारच्या दप्तरी अशी सुमारे २८ हजार एकस्वे पडून होती आणि त्यांतील पाच टक्केसुद्धा कोणी वापरायला घेतलेली नव्हती. डिसेंबर १९८० मध्ये बाय आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि अशा संशोधनाचे एकस्व विद्यापीठाने स्वतःच्या नावावर घ्यावे, असे ठरले. तेव्हापासून विद्यापीठांत परवाने देणारी खाती भराभर निघाली. त्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दरवर्षी पाहणी करायला आरंभ केला. किती शोधांची नोंद झाली, किती अर्ज केले, किती परवाने दिले, किती डॉलर आले, किती नव्या कंपन्या निघाल्या असे सगळे आकडे त्यात असतात.

स्टॅन्फर्डने मात्र हे काम त्या कायद्याच्या आधीच सुरू केले होते. पूर्वी तेथील शोधांची व्यवस्था एका बाहेरच्या संस्थेकडे असे आणि १९५४ ते १९६७ या तेरा वर्षांत विद्यापीठाला त्यातून एकूण मिळाले जेमतेम साडेचार हजार डॉलर. नील्स रायमर्स नावाच्या गृहस्थांनी हे काम घरातच करून पाहू या म्हटले. प्रायोगिक पहिल्याच वर्षी ५५ हजार डॉलर आले आणि १९७० साली रीतसर खाते उघडले. आता सांगा, १९६७ पर्यंत स्टॅन्फर्डचे प्राध्यापक मंदबुद्धीचे होते आणि नंतर एकदम हुशार झाले काय? विद्या तीच, माणसे तीच. बदलला तो फक्त खिडकीवर बसलेला कारकून. पाऱ्याचा स्तंभ चढला, पण तापमान वाढले म्हणून नव्हे, हे यावरून उघड आहे.

१९७४ साली रायमर्स यांनी वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. स्टॅन्फर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाच्या जनुकाचा तुकडा कापून जीवाणूच्या वर्तुळाकार डी.एन.ए.मध्ये जोडला होता. जीवाणू वाढू लागला की त्याच्याबरोबर तो तुकडाही लक्षावधी पटींनी वाढे. रायमर्स यांनी कोहेनना गाठले. कोहेनना प्रथम ही कल्पनाच रुचली नाही. इतक्या जणांच्या मूलभूत कामावर उभ्या असलेल्या गोष्टीचे एकस्व कसले घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे. अखेर अर्ज केला गेला. १९८० साली एकस्व मिळाले. ते संपेपर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, ४६८ कंपन्यांनी परवाना घेतला आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून तयार करून घेण्याचा उद्योग याच पद्धतीवर उभा राहिला.

आणखी एक उदाहरण मला स्वतःला फार आवडते. १९६७ साली स्टॅन्फर्डच्या संगीत विभागातील जॉन चाउनिंग संगणकातून आवाज काढण्याचे प्रयोग करीत होते. गवयी स्वरावर आंदोलन देतो, म्हणजे स्वराची वारंवारता किंचित खालीवर करतो, हे तुम्ही ऐकले आहे. चाउनिंगनी हे आंदोलन सेकंदाला पाच-सहा वेळांऐवजी शेकडो वेळा करून पाहिले. तेव्हा कंप ऐकू येईनासा झाला आणि स्वराचा पोतच बदलून घंटेसारखे, पितळी वाद्यांसारखे नाद उमटू लागले. रेडिओच्या एफ्.एम्. प्रक्षेपणात हेच गणित वापरतात. अमेरिकेतील ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना त्यात काही राम दिसला नाही. जपानच्या यामाहा कंपनीने परवाना घेतला आणि १९८३ साली तिने बाजारात आणलेले डी.एक्स. ७ हे वाद्य जगभर गाजले. विद्यापीठाला दोन कोटींहून अधिक डॉलर मिळाले. १९७० साली ‘उच्च तंत्रज्ञानाला पोषक विभाग’ अशी यादी कोणी केली असती, तर तीत संगीत विभागाचे नाव घालायला कोण धजावला असता?

आता गारफिल्डच्या सूचीकडे वळू. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅन्फर्डचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, संगणकांच्या जाळ्यावरील पाने कशी क्रमवार लावावीत या प्रश्नावर काम करीत होते. त्यांनी उल्लेख मोजण्याचीच कल्पना तिथे लावली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात हे मोजायचे आणि बोट दाखवणारे पान स्वतः जितके वजनदार, तितके त्याच्या बोटाला वजन द्यायचे. यातून गूगल निघाली. एकस्व स्टॅन्फर्डच्या नावावर होते. परवान्यापोटी विद्यापीठाने कंपनीचे सुमारे १८ लाख शेअर घेतले आणि २००५ साली ते विकले गेले तेव्हा त्यांतून एकूण ३३ कोटी ६० लाख डॉलर आले होते. विज्ञान मोजण्यासाठी केलेली फूटपट्टी अशा रीतीने स्वतःच एका प्रचंड उद्योगाचे बीज ठरली. गारफिल्डच्या सूचीने उद्योगाला दिलेली ही देणगी मात्र कोणत्याच तक्त्यात सापडत नाही.

या तीन उदाहरणांत एक धोकाही दडलेला आहे, तो गणिताचा आहे. समजा एका वर्गात पन्नास मुले आहेत आणि एकोणपन्नास जणांच्या खिशात दहा-दहा रुपये आहेत. पन्नासाव्या मुलाजवळ दहा हजार रुपये आहेत. सरासरी काढली तर प्रत्येकाजवळ सुमारे २१० रुपये निघतात! वर्गात एकाही मुलाजवळ २१० रुपये नाहीत. विद्यापीठांच्या परवाना-उत्पन्नाचे असेच असते. शेकडो शोधांपैकी बहुतेकांतून काहीच हाती लागत नाही, काहींतून अर्जाचा खर्च निघतो आणि एखाददुसरा सगळ्यांची भरपाई करतो. अशा ठिकाणी एका वर्षाच्या उत्पन्नावरून दोन विद्यापीठांची तुलना करणे म्हणजे एका पावसाळ्यावरून कोकण आणि देश यांचा निकाल लावण्यासारखे आहे. शिवाय काळाचे अंतर पाहा. चाउनिंगचा प्रयोग १९६७ चा, वाद्य १९८३ चे. सोळा वर्षे! यंदाच्या उत्पन्नावरून यंदाची क्षमता काढणारा माणूस खरे तर आपल्या आधीच्या पिढीचे गुण मोजत असतो.

याहूनही मोठी गोष्ट म्हणजे बरीचशी विद्या एकस्वाच्या दारातून बाहेर पडतच नाही. १९९४ साली अमेरिकेत कारखान्यांच्या संशोधन-विभागप्रमुखांना विचारण्यात आले की विद्यापीठांतील ज्ञान तुमच्यापर्यंत पोचते कसे? अधिक महत्त्वाचे मार्ग म्हणून त्यांनी सांगितले ते प्रसिद्ध झालेले निबंध, परिषदा, अनौपचारिक गप्पा आणि प्राध्यापकांचा सल्ला. एकस्वे आणि परवाने यांचा क्रम त्यांच्या खाली लागला. औषधनिर्मितीसारख्या काही धंद्यांत मात्र एकस्वाला बरेच वजन होते. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील यंत्र व विद्युत विभागांच्या प्राध्यापकांना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला, तेव्हा प्रयोगशाळेतून उद्योगांकडे जाणाऱ्या ज्ञानापैकी एकस्वांमधून जाणारा भाग दहा टक्क्यांहूनही कमी असावा, असा त्यांचा अंदाज पडला. मग उरलेले नव्वद टक्के मोजायचे कसे? गप्पांना पावती नसते.

टर्मन यांना हे पक्के ठाऊक होते. १९५१ साली विद्यापीठाच्या जमिनीवर कारखान्यांसाठी वसाहत आखली गेली. जमीन विकायची नाही, अशी संस्थापकाची अट असल्यामुळे ती भाडेपट्ट्याने दिली गेली. पहिला भाडेकरू होता व्हेरियन कंपनी. व्हेरियन बंधूंनी १९३७ साली याच विद्यापीठात क्लायस्ट्रॉन ही सूक्ष्मतरंगांची नलिका तयार केली होती. तेव्हाचा करार ऐकून हसू येईल. प्रयोगशाळा वापरायची मुभा, साहित्यासाठी शंभर डॉलर आणि पगार शून्य. एकस्वातून काही मिळाले तर निम्मे विद्यापीठाचे! १९५४ पासून कारखान्यांतील इंजिनिअरांना नोकरी सांभाळून विद्यापीठात शिकण्याची सोय झाली. असा विद्यार्थी सकाळी वर्गात शिकलेली गोष्ट दुपारी कारखान्यात लावतो आणि कारखान्यातील अडचण दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येतो. दोन्ही बाजूंनी वाहणारा हा प्रवाह कोणत्या मापीने मोजावा?

थेट मोजता येत नसेल तर परिणामावरून मोजता येईल. वारा दिसत नाही, पण झाडे कोणीकडे वाकली ते दिसते. ॲडम जॅफे या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ साली असाच प्रयत्न केला. अमेरिकेतील २९ राज्यांत विद्यापीठांतील संशोधनावर किती खर्च झाला आणि त्याच राज्यातील कंपन्यांनी किती एकस्वे घेतली, हे त्याने ताडून पाहिले. जिथे विद्यापीठांचा खर्च अधिक, तिथे कंपन्यांची एकस्वेही अधिक आढळली. औषधांच्या क्षेत्रात तर हा संबंध विशेष ठळक होता.

पण चाणाक्ष वाचक इथे हात वर करील. श्रीमंत राज्यात विद्यापीठेही मोठी आणि कारखानेही मोठे, एवढाच त्याचा अर्थ नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. म्हणून १९९३ साली जॅफे आणि त्यांचे दोन सहकारी, त्राख्तेनबर्ग आणि हेंडरसन, यांनी एक सुंदर तोड काढली. एकस्वाच्या कागदात आधीच्या कोणत्या एकस्वांचा आधार आहे, ते नोंदलेले असते. त्यांनी काही जुनी एकस्वे घेतली आणि नंतरच्या ज्या एकस्वांत त्यांचा उल्लेख होता, ती कोणत्या गावची ते पाहिले. मग प्रत्येक उल्लेख करणाऱ्या एकस्वासाठी एक जोडीदार शोधला. विषय तोच, काळ तोच. पण जुन्या एकस्वाचा उल्लेख नसलेला. आपण प्रयोगात एका कुंडीला खत घालतो आणि शेजारची तशीच ठेवतो ना, ती ही दुसरी कुंडी. उद्योग मुळातच एका ठिकाणी गोळा झाल्याचा परिणाम दोन्ही कुंड्यांवर सारखाच होणार. तेव्हा जो फरक उरेल, तो ज्ञान जवळपास झिरपल्याचा. फरक उरला आणि चांगला भरभक्कम उरला. उल्लेख करणारी एकस्वे त्याच महानगराच्या परिसरातील असण्याचे प्रमाण जोडीदारांपेक्षा कितीतरी अधिक निघाले. म्हणजे छापलेले ज्ञान जगभर एकाच दिवशी पोचत असले, तरी ते आधी शेजाऱ्यांच्या उपयोगी पडते. चहाच्या टपरीवरच्या गप्पांचे मोल मोजण्याच्या इतक्या जवळ दुसरे फारसे कोणी गेलेले मला माहीत नाही.

तरीही कार्यकारणभावाचा पेच पुरता सुटत नाही. सिलिकॉन व्हॅली स्टॅन्फर्डमुळे झाली, असे आपण सरसकट म्हणतो. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉक्ली, यांनी १९५६ साली आपली कंपनी तिथे काढली. टर्मन यांनी त्यांना बोलावले हे खरे. पण शॉक्ली यांचे बालपण पालो आल्टोत गेले होते आणि त्यांची आई तिथेच राहत होती, हेही खरे. दुसऱ्या वर्षी त्यांच्या हाताखालचे आठ जण कंटाळून बाहेर पडले आणि त्यांच्या कंपनीतून पुढे कितीतरी कंपन्या फुटल्या. शिवाय त्या काळात लष्कराकडून येणारा पैसा विद्यापीठाला आणि कारखान्यांना, दोघांनाही पोसत होता. आता श्रेय कोणाला किती द्यायचे? टर्मनना, सेनादलाला, की शॉक्ली यांच्या आईला?

विज्ञानात अशा वेळी प्रयोग दुसरीकडे करून पाहतात. तोही झाला! १९६० च्या दशकात न्यू जर्सीच्या कंपन्यांनी आणि नंतर टेक्सासमधील डॅलसच्या उद्योगपतींनी टर्मन यांनाच सल्लागार नेमले आणि ‘आम्हालाही तसेच करून द्या’ म्हटले. तोच कर्ता, तीच कृती. न्यू जर्सीत तर बेल प्रयोगशाळेसारखी दिग्गज संस्था हाताशी होती. पण तेथील कंपन्या एकमेकींशी सहकार्य करायला फारशा राजी नव्हत्या आणि अपेक्षित यश दोन्हीकडे आले नाही. उलट १९७० साली टर्मन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दक्षिण कोरियाला अहवाल दिला, त्यावरून १९७१ मध्ये सोलला उच्च तंत्रशिक्षणाची नवी संस्था निघाली, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी त्या देशाच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाला मोठा हातभार लावला. तीनपैकी एक उत्तर होकारार्थी. विद्यापीठ हे विरजणासारखे आहे म्हणावे, तर दूध आणि त्याचे तापमान कोणी मोजायचे, हा प्रश्न उरतोच.

मोठमोठे आकडे पाहताना हे ध्यानात असू द्यावे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे १९३० च्या दशकापासून स्टॅन्फर्डच्या माजी विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी काढलेल्या आणि त्या वेळी चालू असलेल्या कंपन्यांची संख्या ३९,९०० भरली. त्यांची वार्षिक उलाढाल २ लाख ७० हजार कोटी डॉलर आणि त्यांनी निर्माण केलेल्या नोकऱ्या ५४ लाख. आकडा छाती दडपवणारा आहे. पण तो ज्यांनी प्रश्नपत्रिका भरून पाठवली, त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधून काढलेला आहे. यशस्वी माणूस अशी पत्रिका हौसेने भरतो, हे तुम्हीही ताडाल. आणि त्यात विद्यापीठात शिकलेल्या माणसाने काढलेली कोणतीही कंपनी धरली जाते. मग ती बुटांची असली तरी! नायकी कंपनीचे एक संस्थापक फिल नाइट हे स्टॅन्फर्डचेच.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊन पाहा. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रविद्येचा विभाग सुरू झाला. सगळ्यांच्या तोंडी त्याचे नाव यू.डी.सी.टी. २००८ पासून त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा आहे. रंग, औषधे, तेले, वस्त्रोद्योग या धंद्यांत त्याचे विद्यार्थी सर्वत्र आढळतात. तेथील प्रा. मनमोहन शर्मा हे रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालेले भारतीय इंजिनिअर. रासायनिक कारखान्यांना सल्ला देणे आणि कारखान्यातील अडचणींतून संशोधनाचे विषय काढणे ही तिथली जुनी रीत. आता अंजी रेड्डी यांचे पाहा. पदवी यू.डी.सी.टी.ची, पीएच्.डी.चे संशोधन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आणि १९८४ साली औषधांचा कारखाना काढला हैदराबादला. जॅफेच्या अंतराच्या पट्टीवर यात मुंबईला शून्य गुण. माजी विद्यार्थ्यांच्या पट्टीवर सगळे मुंबईला आणि पुण्याला काहीच नाही. परवान्याच्या पट्टीवर तर दोघांनाही शून्य! कोणतीच पट्टी खोटी नाही, पण प्रत्येक पट्टी निराळ्या वस्तूवर ठेवलेली आहे.

पट्टीचा आणखी एक विचित्र गुण आहे. पारा आपण मोजतो म्हणून तापमान बदलत नाही. माणसांचे तसे नसते. इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट इथेही लागू पडते. दर्शकालाच उद्दिष्ट केले की तो दर्शक म्हणून निकामी होतो. चीनमध्ये विद्यापीठांच्या एकस्वांची संख्या अफाट वाढली. पण त्यांतील बरीच नुसती कागदावरच राहत असल्यामुळे २०२० साली तेथील सरकारलाच ‘संख्या पुरे, आता गुणवत्ता पाहा’ असे सांगून अर्जाबद्दलची बक्षिसे थांबवावी लागली. आपल्या देशात २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीतही संशोधनाच्या शंभर गुणांपैकी पंधरा गुण एकस्वांचे असतात. क्रमवारी असू नये असे माझे म्हणणे नाही. काहीच न मोजण्यापेक्षा वाकडी पट्टी बरी, फक्त ती किती वाकडी आहे ते माहीत हवे. आम्हा शिक्षकांनाही दरवर्षी असा एक तक्ता भरावा लागतो. एकस्वांच्या रकान्यात मी शून्य लिहितो. माझ्याकडे ऑसिलोस्कोप दुरुस्त करायला शिकलेला एक मुलगा आज औद्योगिक वसाहतीत स्वतःची उपकरणे बनवतो. त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही, आणि असता तर त्यात मी कोणता आकडा लिहिला असता हे मलाही सांगता आले नसते.

शाळेतल्या शाळेत करून पाहण्याजोगा एक उद्योग सुचवतो. आपल्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतील पाच कारखाने निवडा. शिक्षकांना बरोबर घेऊन तेथील प्रमुखांना चार प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत तुम्ही कोणती नवी गोष्ट बनवू लागलात? ती कशी बनवावी हे तुम्हाला कोठून कळले? विचारायला माणूस कोण होता? आणि तो कोठे शिकला? उत्तरे नकाशावर रेघा ओढून दाखवा. कारखान्यापासून माणसापर्यंत एक रेघ, माणसापासून त्याच्या महाविद्यालयापर्यंत दुसरी. काही रेघा फार लांब जातील, काही गावातल्या गावात राहतील आणि काही कारखान्यांतून एकही रेघ निघणार नाही. न निघालेल्या रेघांचीही नोंद ठेवा. जॅफेच्या जोडीदारांप्रमाणे त्याही कामाच्या आहेत.